थेंबबाबाची बाटली

त्या बंद पडलेल्या सिनेमागृहात सिनेमे चालायचे तेव्हा कधी झाली नसेल एवढी गर्दी आता दर रविवारी सकाळी व्हायची. खुर्च्या भरायच्या, पायऱ्या भरायच्या, उरलेले लोक भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. दारातच एक निळं पिंप ठेवलेलं असे. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं मंतरलेलं पाणी कागदी पेल्यातून मिळायचं आणि लोक ते डोळे मिटून प्यायचे. कोणी गुडघ्यांसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी पळून गेलेला नवरा परत यावा म्हणून. सगळ्या दुखण्यांना एकच पिंप पुरत होतं, यातच खरं तर सगळं आलं. पण एवढा विचार करायला तिथे कोणी येत नव्हतं.

पूर्वी जिथे पडदा होता तिथे थेंबबाबा उभा होता. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कॉलरला अडकवलेला माईक. दाढी नाही, जटा नाहीत. हा नव्या तऱ्हेचा बाबा होता. बँकेच्या मॅनेजरसारखा दिसायचा आणि तसाच हळू, समजुतीच्या सुरात बोलायचा.

"अंग म्हणजे काय हो? घर," बाबा सांगत होता. "आता घरात कोणी न बोलावता शिरलं, तर तुम्ही त्याला ताट वाढता का? नाही ना? मग या पाहुण्याला तरी का वाढायचं? त्याचं खाणं तोडा. खाणं तुटलं की पाहुणा चडफडत दारात येतो. आणि दारात आला, की मी आहेच."

लोकांनी माना डोलावल्या. बाबाच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिशीची, अंगाने भरलेली एक बाई बसली होती. बस दुरुस्तीच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीची ती बायको. रविवारच्या खेळाची मुख्य नटी तीच, फक्त तिला त्याचा पत्ता नव्हता. बाबाचं बोलणं चालू असतानाच तिची नजर कुठेतरी भलतीकडे लागली. कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले. मग तिने खुर्ची लाथेने उडवली, सावरायला आलेल्या नवऱ्याच्या थोबाडीत दिली आणि घोगऱ्या आवाजात "तू कोण रे मेल्या?" असं विचारून वर चार शिव्या हासडल्या.

"पाहुणा आला," सभागृहभर कुजबुज झाली.

बाबाने खिशातून एक छोटी तपकिरी बाटली काढली. दोन माणसांनी बाईला धरलं आणि बाबा तिच्या गालात थेंब सोडू लागला. थेंब म्हणायचे, बाबाचा एक थेंब चांगला घोटभर असायचा. तोंडाने मंत्र चालू होता, आणि मंत्र भलताच लांबलचक होता. लोक हात जोडून बसले. हळूहळू बाईचे हात थरथरायचे थांबले, डोळ्यांत ओळख आली. तिने आजूबाजूला बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "मी कुठे आहे?"

टाळ्यांनी छत हादरलं. म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या.

तिसऱ्या रांगेत मात्र एक बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई. पोटातल्या, रक्तातल्या, कोणालाच छडा न लागलेल्या दुखण्यांचा पाठपुरावा करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि बाबालोकांचा त्यांना असा तिटकारा होता की नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना इथे आणलं होतं मिस्त्रीच्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. थोरली शाळेत शिकवायची आणि रक्तदाबासाठी बाईंकडे यायची.

"बघितलंत ना, मॅडम?" थोरलीने विचारलं.

"बघितलं. हिने सकाळी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. काल दुपारपासून उपाशी आहे. बाबाचा नियमच आहे. स्टेजवर येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही."

"इथल्या सगळ्यांनाच हा नियम?"

थोरली थबकली. "नाही. फक्त हिलाच."

"घरी कधी होतं असं?"

"उठल्या उठल्या. नाहीतर दुपारचं जेवण लांबलं की. वर्षभरात जाडही झालीय. सारखं काही ना काही चरत असते. बाबा म्हणतो, ती नाही खात, पाहुणा खातो."

"आधीच्या डॉक्टरांनी काय केलं?"

"मेंदूचे फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. शेवटी म्हणाले, मनाचं आहे."

"रक्त घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती?"

"हो, इस्पितळात पोचेपर्यंत शुद्धीवर यायची. बाबाने घरासाठी दिलेली बाटली पाजल्याशिवाय तिला घराबाहेर काढणार कसं?"

मंत्र एवढा लांब का होता, ते आता डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं होतं. तोंडातून घेतलेली साखर मेंदूपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो मंत्र लांब होता. तेवढ्यात स्टेजवरून बाबाने जाहीर केलं, की पाहुण्याला कायमचं हाकलण्यासाठी येत्या महिन्यात अखेरचा निरोप होईल. त्यासाठी या ताईंना सलग तीन दिवस कडक उपास करावा लागेल. सभागृह पुन्हा टाळ्यांनी भरलं.

"तीन दिवस," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "मेला हा तिला मारणार आहे."

मिस्त्रीला तयार करणं सोपं नव्हतं. तो साधा, कष्टाळू आणि घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे डोकेफोड. डॉक्टरीणबाईंनी त्याला इस्पितळातल्या आपल्या खोलीत बसवलं. बायकोच्या रक्तातली साखर अधूनमधून एकदम तळाला जाते असा आपल्याला संशय आहे, असं सांगितलं. साखर संपली की सगळ्यात आधी मेंदूचे हाल होतात. माणूस बरळतो, मारतो, स्वतःच्या लेकरालाही ओळखत नाही, आणि फार वेळ तसाच राहिला तर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

"बाबाच्या पाण्याने तर बरी होते की," मिस्त्री म्हणाला.

"ते पाणी काय आहे, तेच मला बघायचंय. चार दिवस तिला माझ्याकडे ठेवा."

"माझी बायको काय ससा आहे का, तुमच्या प्रयोगाला?"

"बाबा तिला दर रविवारी हजार लोकांसमोर उपाशी बसवतो, तो प्रयोग नाही वाटतं? बरं, मी चुकले तर पहिल्या रांगेत बसून पिंपातलं पाणी पिईन. सगळ्यांसमोर. मग तर झालं?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "तीन दिवसांनीही पाहुणा गेला नाही तर काय, हे मी बाबाला विचारलं होतं. तो म्हणाला, मग तुझा विश्वास कमी पडला असं समज." त्याने नाक पुसलं. "ठेवा तिला."

तपासणी साधीच होती. पेशंटला देखरेखीखाली उपाशी ठेवायचं, थोड्या थोड्या वेळाने साखर बघायची आणि झटका आला की साखर द्यायच्या आधी, अगदी त्या क्षणाला, रक्त काढून घ्यायचं. सगळं त्या क्षणावर अवलंबून होतं. बाईंनी तिच्या हाताला सुई लावून ठेवली, साखरेची सिरिंज भरून उशाशी ठेवली, नर्सला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून साखर बेताबेताने उतरू लागली. दुपारी ती बरीच खाली आली, बाईंचे डोळे चमकले, आणि पुढच्या वेळी बघितलं तर साखर भलतीच चढलेली. नर्सने यंत्र बदललं. पुन्हा तेच.

"उपाशी माणसाच्या अंगात साखर आभाळातून पडत नाही," बाई म्हणाल्या आणि तरातरा वॉर्डात गेल्या.

पेशंट खुशाल उशीला टेकून बसली होती. मिस्त्री स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे मुद्दाम बघत होता. बाईंनी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. काही नाही. मग त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. रांग खिडकीतून आत येत होती, भिंतीवरून उतरत होती आणि थेट मिस्त्रीच्या पिशवीत शिरत होती. बाईंनी पिशवी उघडली. आत रुमालात गुंडाळलेली तपकिरी बाटली होती आणि बुचाभोवती मुंग्यांचं मोहोळ लागलं होतं.

"हे काय आहे?"

मिस्त्री उभा राहिला. "तिचे हात थरथरायला लागले होते. मी नाही बघू शकत, मॅडम. तुम्हीही उपाशी ठेवता, बाबाही उपाशी ठेवतो. त्याच्याकडे निदान औषध तरी असतं."

बाईंना राग आला होता, तरी त्याचं हे बोलणं त्यांना लागलं. "माझ्याकडेही आहे," त्या म्हणाल्या. "ती सिरिंज बघा. तुमच्या बाबाने तिला उपाशी ठेवलं ते लोकांना दाखवायला. मी ठेवतेय ते रोग शोधायला. तुम्ही मध्येच बाटली पाजलीत, की रोग पळून जाऊन लपतो. वर्षभर हेच झालंय. तुम्ही दर वेळी पुरावा पुसलात आणि मग तिला डॉक्टरकडे नेलंत." त्यांनी बाटलीचं बूच काढलं. "कधी चाखलंय हे?"

"चाखायचं नसतं," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "दुसऱ्या कोणी जिभेला लावलं तर पाहुणा त्याच्या अंगात शिरतो. बाबाने शपथ घातलीय."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीत बोट बुडवून चोखलं. मिस्त्री दोन पावलं मागे सरकला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाई शांतपणे स्टुलावर बसल्या.

"पाहुणा काही आलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण गोड आहे. पाकासारखं गोड आहे."

"गोडच असतं की ते," पलंगावरून बायको म्हणाली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिला यात विशेष काही वाटलं नव्हतं. "मला वाटलं, सगळ्यांचंच गोड असतं."

पिंपातलं पाणी मिस्त्री वर्षभर पीत होता. घरी म्हाताऱ्या आईला, मुलीला बाटलीत भरून नेत होता. त्याची चव त्याला पाठ होती. नळाच्या पाण्याला असते तेवढीच. त्याने बाईंच्या हातातून तपकिरी बाटली घेतली, क्षणभर घुटमळला आणि तळहातावर थोडं ओतून जिभेला लावलं. मग खाली बसला.

"म्हणजे त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "हजार लोकांना साधं पाणी, आणि हिलाच गोड. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं."

"आणि म्हणूनच चाखायची बंदी," बाई म्हणाल्या.

उपास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी मिस्त्रीने पिशवी स्वतःहून नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवली. पुढच्या दिवशी दुपारी, वॉर्डात भेटायला आलेल्या लोकांची वर्दळ असताना, पाहुणा आला. घाम, थरथर, मग शिव्या. तिने चादर फेकली, नर्सला ओरबाडलं, नवऱ्याच्या तोंडावर थुंकली.

"हात धरा," बाई मिस्त्रीला म्हणाल्या. "आधी रक्त. मग साखर."

"मॅडम, ती मला ओळखत नाहीये."

"ठाऊक आहे. हात घट्ट धरा."

त्याने धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तिला एकसारखं "झालं हं, झालं" म्हणत होता. यंत्राच्या पट्टीने दाखवलेली साखर इतकी कमी होती की नर्सने नुसतं बाईंकडे बघितलं. नळ्या भरल्या. बाईंनी सिरिंज जोडली आणि दट्ट्या हळूहळू दाबला. कसला मंत्र नाही, माईक नाही. सिरिंज पुरती रिकामी व्हायच्या आतच बायकोचे डोळे नवऱ्यावर ठरले.

"तुम्ही का रडताय?" तिने विचारलं. "पोरीची शाळा सुटली का?"

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरीणबाईंना मनातून एकच इच्छा होती. मधुमेहाच्या गोळ्या चोरून दिल्या तरी साखर अशीच कोसळते. त्या गोळ्यांचा अंश रक्तात सापडावा आणि बाबाला सरळ बेड्या पडाव्यात, असं त्यांना फार वाटत होतं. पण गोळ्या सापडल्या नाहीत. रोग तिच्या शरीरातच होता. साखर खाली आणणारं इन्शुलिन तिच्या अंगात नको तेव्हा, नको तेवढं तयार होत होतं. पुढच्या तपासण्यांत स्वादुपिंडात वाटाण्याएवढी एक गाठ दिसली. माणूस जेवो, उपाशी राहो, ती आपली इन्शुलिन ओतत राहायची. साखर तुटायची, भूक भडकायची, खाऊन खाऊन वजन वाढायचं. हाच तो पाहुणा.

बाबाने रोग दिला नव्हता, हे बाईंना कबूल करावं लागलं. त्याने फक्त तो ओळखला होता, इतर डॉक्टरांच्या आधी ओळखला होता, आणि ओळखून तिला इस्पितळाचा रस्ता दाखवायच्या ऐवजी स्टेजवर बसवलं होतं. नंतर थोरलीने चौकशी केली तेव्हा कळलं, की बाबा होण्याआधी हा गृहस्थ एका मधुमेहाच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. साखर उतरलेली माणसं कशी बरळतात आणि ग्लुकोजच्या पाण्याने कशी ताळ्यावर येतात, हे त्याने तिथे रोज बघितलेलं. गोळी देऊन मारणाऱ्याला निदान खुनी म्हणता येतं. याला काय म्हणायचं, ते बाईंना सुचेना, आणि त्यांचा राग काही केल्या निवेना.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. अखेरच्या निरोपाचा रविवार नटीशिवाय गेला. बाबाने माईकवर सांगितलं, की काही अविश्वासी लोकांनी ताईंना पळवून नेलं, तरी आपण लांबूनच त्यांचा पाहुणा हाकलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर आता कॉलेजात जाणारी एक मुलगी बसू लागली होती. तिला फिट्स यायच्या. तिलाही उपास सांगितला होता, आणि फिट्सच्या गोळ्या बंद करायला.

जखम भरल्यावर एका रविवारी मिस्त्रीची बायको स्वतःच्या पायांनी त्या सिनेमागृहात शिरली. बरोबर नवरा, थोरली आणि डॉक्टरीणबाई. बाईंनी रस्ताभर भाषण जुळवलं होतं. पण मिस्त्रीची बायको म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा. वर्षभर तिथे मी होते." आणि ती सरळ स्टेजवर चढली.

लोकांनी तिला ओळखलं. बाबानेही ओळखलं, आणि क्षणभर त्याचा मॅनेजरी चेहरा उतरला. मग त्याने हात जोडले. "बघा, माझी ताई आली. पाहुण्यातून सुटून आली."

"तुमच्या नियमाप्रमाणे काल दुपारपासून उपाशी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण बाबाच्या कॉलरचा माईक तो सगळीकडे पोचवत होता. "पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. बोलवा पाहुण्याला."

"अगं, तो तर मी लांबूनच—"

"तो इस्पितळात बरणीत आहे. वाटाण्याएवढा आहे. डॉक्टरांनी कापून काढला." तिने पदराआडून तपकिरी बाटली काढली. "आणि हे तुमच्या हातचं पाणी. लोकांसमोर एक घोट घ्या."

बाबा मागे सरला. "हे दुसऱ्याने चाखायचं नसतं."

"माझ्या नवऱ्याने चाखलंय. त्या तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंनी चाखलंय. काही झालं नाही." ती पुढच्या रांगेकडे वळली. "यात साखर आहे. माझ्या अंगातली साखर संपायची, मी वेड्यासारखी करायचे, आणि साखर पोटात गेली की शुद्धीवर यायचे. चहाची साखर पाण्यात घालून दिली असती तरी आले असते. हे याला माहीत होतं, म्हणून तुम्हाला साधं पाणी आणि मला गोड. झटका ठरल्या वेळी यावा म्हणून मला उपाशी ठेवायचा. अजून तीन दिवस ठेवलं असतं तर माझी पोर आज आईला ओळख करून देत बसली असती, नाहीतर तिला आईच नसती."

मागून एकजण ओरडला, "खोटं बोलतेय, कोणीतरी शिकवून पाठवलंय." दोनचार जणांनी त्याला साथ दिली. बाबाने तेवढ्यात माईक काढून ठेवला होता आणि तो स्टेजमागच्या दाराकडे सरकत होता. मिस्त्री त्या दारात जाऊन उभा राहिला, काही न बोलता, हाताची घडी घालून.

पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. ही तीच, जी दर रविवारी टाळ्यांच्या वेळी रडायची. ती आधी आपल्या कागदी पेल्यातलं पिंपाचं पाणी प्यायली, मग तिने तळहात पुढे केला. मिस्त्रीच्या बायकोने त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. म्हातारीने ते चाटलं.

"गोड आहे गं," ती म्हणाली.

मग आणखी हात पुढे आले. सगळे नाही. अर्धे लोक अजून भिंतीला पाठ लावून घुश्शात उभे होते. खुर्चीवरच्या मुलीची आई मात्र उठली, तिने मुलीचा दंड धरला आणि वाट काढत तिसऱ्या रांगेपाशी येऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हिच्या गोळ्या आजपासून परत सुरू करू का?"

"आत्तापासून," बाई म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी माझ्याकडे या."

बाटली रिकामी झाली. मिस्त्रीच्या बायकोने ती उलटी करून दाखवली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून दिली. तिला थकवा आला होता, भूकही लागली होती, पण हात थरथरत नव्हते.

"मला कळलं नाही, कारण मी बेशुद्ध होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळे शुद्धीत होतात. यापुढे कोणी तुम्हाला चाखू नका, विचारू नका, बघू नका म्हणालं, तर आधी तेच करा."